विशीतल्या पिचरचे मोल कसे जोखतात

२०१३ च्या हंगामात न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा जेकब डीग्रॉम हा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, लास वेगासच्या संघाकडून ट्रिपल-ए स्तरावर, म्हणजे मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च स्तराच्या एकच पायरी खाली, खेळत होता. तेथे १४ सामन्यांत पहिल्या चेंडूपासून पिचिंग करून त्याचा ईआरए ४.५२ भरला. ईआरए म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून दर ९ इनिंगमागे (एक इनिंग म्हणजे तीन आउट) पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावांची सरासरी. मेजर लीगमध्ये ४ च्या आगेमागे असलेला ईआरए मध्यम समजला जातो. त्याच वर्षी पंचविशी गाठलेल्या, नवोदितांच्या निवडीत नवव्या फेरीत निवडलेल्या आणि कोपराची शस्त्रक्रिया झालेल्या या मुलाकडे केवळ आकड्यांच्या तक्त्यातून पाहणाऱ्याने दुसऱ्यांदा नजर टाकली नसती, तर त्याला फारसा दोष देता आला नसता. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच डीग्रॉमने मेजर लीगमध्ये १.७० ईआरए राखून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि पुढच्या वर्षीही तो स्वतःकडेच ठेवला.

मायनर लीगमधल्या, म्हणजे मेजर लीगखालच्या पायऱ्यांवरच्या, होतकरू पिचरचे मूल्यमापन करताना धावफलक सर्वांत शेवटी वाचावा, असे माझे मत आहे. आधी हातातून सुटणारा चेंडू पाहावा, मग त्या चेंडूचे फलंदाजांनी काय केले ते पाहावे, आणि किती धावा गेल्या याचा विचार त्यानंतर करावा. बहुतेक चाहते नेमके उलट्या क्रमाने जातात, आणि त्यांची फसगत तेथूनच सुरू होते.

प्रथम ही शिडी थोडक्यात समजून घेऊ. अमेरिकेत शाळेतून किंवा महाविद्यालयातून निवडलेला खेळाडू थेट मेजर लीगमध्ये क्वचितच उतरतो. तेथील ३० संघांपैकी प्रत्येकाचे सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए असे चढत्या क्रमाचे चार संलग्न संघ असतात. २०२१ च्या फेररचनेपासून त्यांची एकूण संख्या १२० आहे. त्याखाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनामधील सराव संकुलांतल्या स्पर्धा असतात, आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी करारबद्ध झालेल्या लॅटिन अमेरिकी मुलांसाठी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये उन्हाळी लीग असते. आपल्याकडच्या वयोगटांच्या क्रिकेटप्रमाणे येथे वयाची मर्यादा नसते, त्यामुळे ट्रिपल-एमध्ये वीस वर्षांच्या पिचरसमोर मेजर लीगमध्ये चार वर्षे काढून परतलेला तिशीचा फलंदाज उभा राहू शकतो. म्हणून कोणताही आकडा वाचण्याआधी तो कोणत्या वयात आणि कोणत्या पायरीवर मिळवला, हे विचारावे लागते. हाय-एमध्ये १९ व्या वर्षी ४ चा ईआरए राखणारा मुलगा त्याच स्तरावर २४ व्या वर्षी २ चा ईआरए राखणाऱ्यापेक्षा बहुधा अधिक मोलाचा असतो, कारण पहिला स्वतःपेक्षा मोठ्यांशी झुंजत असतो आणि दुसऱ्यासमोर त्याच्यापेक्षा लहान मुले असतात. अर्थात पिचरच्या बाबतीत वयाचा हा निकष फलंदाजाइतका कडक लावता येत नाही. दुखापतीत एक-दोन हंगाम जाणे, पिचिंगकडे उशिरा वळणे, एखादा नवा चेंडू अचानक गवसणे अशा गोष्टी येथे नेहमी घडतात. डीग्रॉम स्वतः स्टेटसन विद्यापीठात मुख्यतः शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, होता आणि पिचिंगकडे वळला तो तेथील अखेरच्या हंगामात.

आता ईआरए का फसवतो ते पाहू. चेंडू बॅटला लागून मैदानात गेला की पुढचे बरेचसे पिचरच्या हातात राहत नाही. क्षेत्ररक्षक कुठे उभा होता, त्याने उडी वेळेवर घेतली का, खेळपट्टीभोवतीची माती किती टणक होती, यावर ती हिट ठरते, म्हणजे फलंदाज सुखरूप बेसवर पोहोचतो, की आउट. मेजर लीगमध्ये मैदानात गेलेल्या अशा चेंडूंपैकी साधारण ३० टक्के हिट ठरतात. एखाद्या पिचरने १०० इनिंगमध्ये असे २८० चेंडू खेळू दिले असे धरले, तर संभाव्यतेच्या साध्या गणिताने ७-८ हिट इकडे किंवा तिकडे निव्वळ नशिबाने होऊ शकतात, आणि तेवढ्याने ईआरए जवळपास अर्ध्या धावेने हलतो. खालच्या स्तरांवर क्षेत्ररक्षकही शिकाऊ असतात आणि हंगामात पिचरच्या वाट्याला अनेकदा १०० इनिंगही येत नाहीत, त्यामुळे तेथे हा हेलकावा आणखी मोठा असतो.

यावर तोडगा म्हणून व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने २००१ मध्ये मांडलेल्या विचाराच्या धर्तीवर पुढे एफआयपी हे माप रूढ झाले. त्यात क्षेत्ररक्षकांचा हात न लागणाऱ्या घटनाच मोजल्या जातात: होमरन, म्हणजे मैदानाबाहेर मारलेला चेंडू; वॉक, म्हणजे स्ट्राइक झोन या ठरावीक चौकटीबाहेरचे चार चेंडू सोडून मिळालेला पहिला बेस; आणि स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू चुकून किंवा झोनमधला चेंडू सोडून तीन स्ट्राइकवर बाद होणे. होमरनांच्या संख्येला १३ ने गुणायचे, वॉक आणि अंगावर लागलेल्या चेंडूंच्या बेरजेला ३ ने गुणायचे, दोन्ही मिळवून त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करायची, उत्तराला इनिंगने भागायचे आणि आकडा ईआरएच्या पट्टीवर यावा म्हणून त्यात साधारण ३.१ मिळवायचे. समजा, एका पिचरने १०० इनिंगमध्ये ११० स्ट्राइकआउट घेतले, ३५ जणांना वॉक किंवा अंगावरच्या चेंडूमुळे पहिल्या बेसवर जाऊ दिले आणि ८ होमरन दिले. १०४ अधिक १०५ वजा २२० म्हणजे उणे ११. १०० ने भागून ३.१ मिळवले की सुमारे २.९९. याच पिचरचा ईआरए ४.२० दिसत असेल, तर चौकशी त्याच्या क्षेत्ररक्षकांची आणि मैदानाची आधी करावी.

याहूनही साधे आणि माझ्या आवडीचे माप म्हणजे सामोऱ्या आलेल्या फलंदाजांपैकी किती टक्के स्ट्राइकआउट झाले आणि किती टक्के वॉक मिळवून गेले, आणि या दोहोंतील अंतर किती. दर ९ इनिंगमागचे स्ट्राइकआउट मोजण्याची जुनी पद्धत लबाड आहे, कारण भरपूर हिट आणि वॉक देणाऱ्या पिचरला एका इनिंगमध्ये अधिक फलंदाज भेटतात आणि त्यामुळे स्ट्राइकआउटच्या संधीही अधिक मिळतात. मेजर लीगमध्ये अलीकडे स्ट्राइकआउटचे प्रमाण २२-२३ टक्के आणि वॉकचे ८ टक्क्यांच्या थोडे वर असते. मायनर लीगमध्ये एखादा मुलगा ३० टक्के आणि ७ टक्के अशी जोडी दाखवत असेल, तर त्याचा ईआरए काहीही असो, त्याचा सामना बघायला वेळ काढावा.

मात्र हे आकडेसुद्धा ठिकाण आणि काळ पाहून वाचावे लागतात. लास वेगासचा संघ ज्या ट्रिपल-ए लीगमध्ये खेळतो त्या पॅसिफिक कोस्ट लीगमधील आल्बुकर्की आणि रेनो ही शहरे इतक्या उंचीवर आहेत की तेथील विरळ हवेत चेंडू दूर उडतो आणि त्याला मिळणारे वळण कमी होते. फिरणाऱ्या चेंडूला वळवायला हवाच कमी पडते. लास वेगास त्यांच्याइतके उंच नाही, पण तेथील कोरड्या उष्म्यात आणि याच लीगच्या दौऱ्यांत डीग्रॉमच्या ४.५२ चा अर्थ न्यूयॉर्कमधल्या ४.५२ पेक्षा वेगळाच होता. चेंडूही बदलत असतो. २०१९ मध्ये ट्रिपल-एने मेजर लीगचा चेंडू वापरायला सुरुवात केली आणि तेथील होमरन एका वर्षात दीडपटीहून अधिक झाले. २०२३ च्या पूर्वार्धात डबल-ए स्तरावरील सदर्न लीगमध्ये आधीच चिकट केलेला चेंडू प्रयोग म्हणून वापरला गेला, तेव्हा स्ट्राइकआउट वाढले. त्याच वर्षापासून ट्रिपल-एच्या सर्व मैदानांवर स्ट्राइक ठरवण्यासाठी यंत्रणेची मदत घेतली जाऊ लागली, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या हातचलाखीने मिळणारे काठावरचे स्ट्राइक तेथे यंत्रापुढे टिकेनासे झाले. हे माहीत नसलेला वाचक एखाद्या पिचरचे वॉक वाढलेले पाहून त्याचे नियंत्रण बिघडले, असा निष्कर्ष सहज काढेल.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे चेंडूकडे, येऊ. फलंदाज जेथे उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे रडार गन घेऊन बसलेला स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा जाणकार, प्रत्येक प्रकारच्या चेंडूला २० ते ८० या पट्टीवर गुण देतो. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी दर्जा, आणि दर १० गुण म्हणजे सरासरीपासून एक प्रमाण विचलन. म्हणजेच ६० गुणांचा स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा वेगवान चेंडू, मेजर लीगमधल्या साधारण सहांपैकी एकाच पिचरकडे असतो आणि ८० गुणांचा चेंडू एखाद्यालाच लाभतो. गुण दोनदा दिले जातात, एकदा आज दिसणाऱ्या चेंडूला आणि एकदा तो पुढे कसा होईल या अंदाजाला. वाद नेहमी दुसऱ्या गुणांवरून होतात.

वेग सर्वांना दिसतो आणि त्याचे महत्त्व खरे आहे. मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग आता ताशी ९४ मैलांच्या, म्हणजे सुमारे १५१ किलोमीटरच्या, घरात आहे. ९५ मैलांचा चेंडू हातातून सुटल्यापासून सुमारे ०.४ सेकंदात प्लेटवर पोहोचतो. पण निव्वळ वेगाने काय होते आणि काय होत नाही, याचे एक उदाहरण भारतीयांना जवळचे आहे. २००८ मध्ये भारतभर झालेल्या चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले, आणि २००९ मध्ये ते तेथील सर्वांत खालच्या स्तरांपैकी एका लीगमध्ये खेळू लागले. बेसबॉल कधीही न खेळलेल्या मुलांनी तेथवर जाणे ही असामान्य गोष्ट होती. डावखुरा रिंकू सिंगल-एपर्यंत पोहोचला, दिनेश दोन हंगामांनी परतला. खांद्यात जोर होता. दहा-बारा वर्षे चेंडू टाकताना अंगात मुरणारे बाकीचे काही नव्हते, आणि ते दोन-तीन वर्षांत भरून काढता येत नाही.

वेगाइतकाच महत्त्वाचा असतो चेंडूचा आकार, म्हणजे त्याचा हवेतला मार्ग. बेसबॉलमध्ये टप्पा पडत नाही, त्यामुळे फलंदाजाला चकवायचे ते हवेतच. उलटी फिरकी घेतलेला फोर-सीम फास्टबॉल गुरुत्वाकर्षणाने पडायला हवा त्यापेक्षा कमी पडतो, म्हणून तो वर चढल्यासारखा भासतो आणि बॅट त्याच्या खालून जाते. फिरकी नसती तर ९५ मैलांचा चेंडू वाटेत सुमारे अडीच फूट खाली आला असता. चांगल्या पिचरची फिरकी त्यातला दीड फूट परत मिळवते. पिचरचा हात किती पुढे येऊन चेंडू सुटतो, हेही मोजले जाते, कारण एक फूट पुढून सुटलेला ९५ मैलांचा चेंडू फलंदाजाला जवळजवळ ९७ मैलांचा वाटतो. हे सारे आता कॅमेरे आणि रडार मोजतात, आणि म्हणूनच ९२ मैलांचा एखादा फास्टबॉल ९७ मैलांच्या फास्टबॉलपेक्षा अधिक फलंदाज का चुकवतो, याचे उत्तर पूर्वी फक्त अनुभवी डोळ्यांकडे असायचे ते आज कागदावरही सापडते.

मग फलंदाज कशावर चुकले, हा प्रश्न येतो, आणि खालच्या स्तरावरचे स्ट्राइकआउट नेमके येथे तपासावे लागतात. सिंगल-एमधले विशीचे फलंदाज मातीत जाणाऱ्या स्लायडरवर बॅट घालतात. ट्रिपल-एमध्ये ते तो चेंडू सोडून देतात आणि मेजर लीगमध्ये तर त्याची वाटच पाहत बसतात. त्यामुळे ज्याचे बहुतेक स्ट्राइकआउट स्ट्राइक झोनच्या बाहेरच्या चेंडूंवर आलेले असतात, त्याची टक्केवारी वर चढताना घसरते आणि वॉक वाढतात. झोनच्या आत टाकलेल्या चेंडूवर जो फलंदाजांना चुकवतो, त्याचे आकडे सहसा टिकतात. पॉल स्कीन्स हे याचे ठळक उदाहरण. पायरेट्सने २०२३ मध्ये त्याला देशातून पहिल्या क्रमांकावर निवडून ९२ लाख डॉलर दिले. पुढच्या वर्षी ट्रिपल-एमध्ये त्याने २७ पूर्ण आणि एक तृतीयांश इनिंगमध्ये, म्हणजे ८२ आउट मिळवताना, ४५ स्ट्राइकआउट घेतले आणि ८ वॉक दिले. ०.९९ हा त्याचा ईआरए एवढ्या कमी इनिंगवर निरर्थक ठरला असता, पण सुमारे ९९ मैलांचा फास्टबॉल आणि सिंकर व स्प्लिटर या खाली पडणाऱ्या दोन चेंडूंच्या मधला, तेथे ‘स्प्लिंकर’ म्हणून ओळखला जाणारा चेंडू तो झोनमध्ये टाकत होता आणि ट्रिपल-एचे मुरलेले फलंदाज त्यावर चुकत होते. ११ मे २०२४ रोजी तो मेजर लीगमध्ये उतरला आणि त्या हंगामाचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

सर्वांकडे स्कीन्ससारखी शिदोरी नसते. बहुतेक होतकरू पिचरांकडे एक वेगवान आणि एक वळणारा, असे दोन चांगले चेंडू असतात, आणि त्यांचे भवितव्य तिसऱ्यावर ठरते. उजव्या हाताच्या पिचरचा स्लायडर उजव्या फलंदाजापासून दूर जातो, पण डावखुऱ्या फलंदाजाकडे तो आत येतो आणि चोपला जातो. शिवाय एका सामन्यात तिसऱ्यांदा समोर आलेल्या फलंदाजाला हे दोन्ही चेंडू ओळखीचे झालेले असतात. यासाठी चेंजअप लागतो, म्हणजे फास्टबॉलच्याच हातवाऱ्याने सुटणारा पण ८-१० मैलांनी संथ चेंडू. तो नसला तर पिचरची रवानगी बहुधा बुलपेनमध्ये, एका-एका इनिंगच्या कामावर, होते आणि त्याची बाजारातली किंमत निम्म्यावर येते. योहान सान्ताना हा व्हेनेझुएलाचा डावखुरा पिचर २००२ मध्ये एडमंटनच्या ट्रिपल-ए संघात पाठवला गेला तो मुख्यतः चेंजअप घोटवण्यासाठी. त्याच चेंजअपच्या बळावर त्याने २००४ आणि २००६ चे साय यंग पुरस्कार मिळवले. पुढे २०११ मध्ये फ्लोरिडातल्या मेट्सच्या संकुलात तो खांद्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत असताना त्याच्याशेजारी कोपर सावरणारा डीग्रॉम होता, आणि चेंजअपची पकड डीग्रॉमने त्याच्याकडूनच उचलली. त्या हंगामात डीग्रॉमच्या नावापुढे एकही सामना नाही. आकड्यांच्या तक्त्यात ते वर्ष कोरे दिसते.

अचूकतेबद्दल बोलताना जाणकार दोन शब्द वेगळे ठेवतात. कंट्रोल म्हणजे चेंडू झोनमध्ये टाकता येणे. कमांड म्हणजे कॅचरने जेथे हातमोजा धरला तेथेच तो टाकता येणे. पहिल्याचा अंदाज वॉकवरून येतो, दुसऱ्याचा अजूनही डोळ्यांनीच बऱ्यापैकी लागतो. विशीतल्या उंच मुलाचे लांब हातपाय दर चेंडूला एकाच लयीत येत नसतील, तर त्यावर धीर धरता येतो. पंचविशीत तीच तक्रार असेल, तर मी तरी त्याला बुलपेनमधलाच समजेन.

या साऱ्या हिशेबावर पाणी फिरवते ते शरीर. १९९१ मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रायन टेलर या शाळकरी डावखुऱ्या पिचरला १५ लाख ५० हजार डॉलर ही त्या काळातली विक्रमी रक्कम मिळाली होती. डिसेंबर १९९३ मध्ये एका मारामारीत त्याचा डावा खांदा दुखावला आणि तो मेजर लीगमध्ये कधीच पोहोचला नाही. कोपराचे गणित खांद्यापेक्षा थोडे बरे आहे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुरज्जू बसवला, जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर त्याने १६४ विजय मिळवले; त्याच्याच नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया आज इतकी नित्याची झाली आहे की तरुण पिचरच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख दिसला तरी संघ बिचकत नाहीत. मात्र सावरण्यात वर्ष ते दीड वर्ष जाते, आणि दुसऱ्यांदा ती करावी लागलेल्या पिचरांचा इतिहास तेवढा आश्वासक नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलनेच प्रसिद्ध केलेल्या अहवालात वाढत्या दुखापतींचा संबंध वेगाच्या हव्यासाशी आणि प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने टाकण्याशी जोडला आहे. म्हणजे जो गुण पाहून पिचर निवडला जातो, तोच गुण त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊ शकतो. त्यामुळेच शहाणे संघ एका पिचरवर सारे अवलंबून न ठेवता अनेक जण गोळा करतात.

संघांना विचार करायला अमर्याद वेळही नसतो. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध झालेल्याला पाच आणि त्यापेक्षा मोठ्याला चार हंगामांनंतर ४० जणांच्या राखीव यादीत घ्यावे लागते. न घेतल्यास डिसेंबरमधील ‘रूल फाइव्ह’ निवडीत दुसरा संघ त्याला उचलू शकतो, फक्त त्याला पुढचा पूर्ण हंगाम मेजर लीगच्या संघात ठेवावे लागते. १९९९ मध्ये ह्युस्टन ॲस्ट्रोजने ज्याला या यादीबाहेर ठेवले आणि जो अशा रीतीने मिनेसोटा ट्विन्सकडे गेला, तो सिंगल-एच्या वर न खेळलेला सान्तानाच होता.

डीग्रॉमला मे २०१४ मध्ये मेट्सने वर बोलावले ते बुलपेनमध्ये बसवण्यासाठी. एका नियमित स्टार्टरला दुखापत झाल्यामुळे १५ मे रोजी यांकीजविरुद्ध सामन्याची सुरुवात त्याच्याकडे आली. त्याने ७ इनिंग टाकल्या, एक धाव दिली, मेट्स ०-१ ने हरले आणि पदार्पणाच्या नोंदीत त्याच्या नावापुढे पराभव लागला.